शाळा व्हिसा का विचारत नाही?

जुलै संपत आला की आमच्या डॅलसच्या मराठी ग्रुपवर एक ठरलेला प्रश्न येतोच. यंदा तो पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका ताईने टाकला, रात्री पावणेबाराला. "शाळेच्या फॉर्ममधे एसएसएन मागितलाय, मुलगा एच-फोरवर आहे, त्याच्याकडे एसएसएन नाहीये, काय लिहू? काही चुकलं तर यांच्या एच-वन-बीला प्रॉब्लेम येईल का?" (एसएसएन म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, इथला सरकारी ओळख क्रमांक. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, एच-फोर त्याच्या बायकोमुलांचा.) सकाळी उठून बघते तर खाली तीसेक मेसेज. एक जण म्हणतोय नवऱ्याचा नंबर टाक, दुसरा म्हणतोय आधी वकिलाला विचार, तिसऱ्याने काहीही संबंध नसलेला आयसच्या, म्हणजे इमिग्रेशन पोलिसांच्या, धाडीचा व्हिडिओ फॉरवर्ड केलाय.

उत्तर एका ओळीचं आहे, रिकामं सोड. टेक्सासात एसएसएन नसेल तर शाळा मुलाला एस ने सुरू होणारा एक सरकारी पर्यायी नंबर देते आणि तोच बारावीपर्यंत चालतो. एसएसएन नाही म्हणून कुठल्याच राज्यातली पब्लिक स्कूल, म्हणजे सरकारी शाळा, मुलाला परत पाठवू शकत नाही. पण या ओळीमागे जे आहे ते आपल्यातल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं, मलाही पहिली सहा-सात वर्षं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी कोर्टाची गोष्ट, कारण सगळं तिथून सुरू होतं आणि ते ठिकाण आमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर आहे. डॅलसच्या पूर्वेला टायलर नावाचं गाव आहे, गुलाबांसाठी प्रसिद्ध. १९७५ मधे टेक्सासने कायदा केला की जी मुलं देशात कायदेशीर आलेली नाहीत त्यांच्या शिक्षणासाठी राज्य शाळांना पैसे देणार नाही. मग १९७७ मधे टायलरच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) ठरवलं की अशा मुलांनी वर्षाला १,००० डॉलर फी भरायची, नाहीतर यायचं नाही. ज्यांचे आईबाप रोपवाटिकेत आणि कारखान्यात राबत होते त्यांना त्या काळात एका पोराचे हजार डॉलर म्हणजे विषयच संपला. चार मेक्सिकन कुटुंबांनी केस टाकली. नावं लपवण्यासाठी कोर्टाच्या कागदावर सगळ्यांचं आडनाव डो, आणि समोर डिस्ट्रिक्टचे सुपरिटेंडेंट जेम्स प्लायलर, म्हणून केसचं नाव प्लायलर विरुद्ध डो. जज विल्यम वेन जस्टिस (हो, आडनावच जस्टिस) यांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली, म्हणजे गर्दी नको, कोणाच्या डोळ्यावर यायला नको. तरी एक कुटुंब गाडीत सगळा संसार भरूनच कोर्टात आलं होतं, कारण बाहेर पडताना पकडून देशाबाहेर काढतील ही भीती. मुलाच्या शाळेसाठी आईबाप एवढी रिस्क घेऊन गेले, आणि आपण फॉर्ममधल्या एका चौकोनाला घाबरतो.

केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १५ जून १९८२ ला निकाल लागला, ५ विरुद्ध ४, म्हणजे एका मताने. निकाल जस्टिस विल्यम ब्रेनन यांनी लिहिला. त्यातलं लॉजिक सोपं आहे. अमेरिकेच्या घटनेची चौदावी दुरुस्ती, १८६८ ची, म्हणते की राज्याच्या हद्दीतल्या कुठल्याही "व्यक्ती"ला कायद्याचं समान संरक्षण नाकारता येणार नाही. शब्द व्यक्ती आहे, नागरिक नाही. टेक्सासचं म्हणणं होतं की हे लोक बेकायदा आलेत म्हणून ते आमच्या "हद्दीत" धरायचेच नाहीत, कोर्ट म्हणालं तो माणूस तुमच्या इथे उभा आहे, तुमचे कायदे त्याला लागू होतात, मग तो हद्दीत नाही कसा. दुसरं, बॉर्डर ओलांडायचा निर्णय मुलांनी घेतलेला नाही, तर आईबापाच्या चुकीची शिक्षा पोराला कशाला. आणि तिसरं जे मला सगळ्यात व्यवहारी वाटतं, ही मुलं बहुतेक करून इथेच राहणार आहेत, तर त्यांना अडाणी ठेवून राज्याचा फायदा तो काय? गंमत म्हणजे शिक्षण हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे असं कोर्ट तेव्हाही म्हणालं नाही, आजही म्हणत नाही. पण राज्य जर सगळ्यांना फुकट शाळा देतंय तर एका गटाला वगळायला फार भक्कम कारण हवं, आणि टेक्सासकडे ते नव्हतं. स्वतः प्लायलरसाहेबांनी बऱ्याच वर्षांनी सांगितलं की आपण ती केस हरलो ते बरंच झालं.

आता ४० वर्षांपूर्वीच्या निकालाचा आजच्या ऑनलाइन फॉर्मशी संबंध काय? संबंध असा की निकालातून पुढे जी पद्धत तयार झाली तिचा गाभा एकच आहे, विचारायचंच नाही. शाळेने असं काही विचारू नये ज्याने पालक घाबरून मुलाचं नावच घालणार नाहीत. व्हिसा कुठला, आय-९४ (देशात आल्याची नोंद) कुठे, ग्रीन कार्ड आहे का, हे शाळेच्या कामाचं नाही. आणि शाळेने विचारलंच नाही तर ते शाळेच्या फाइलमधे येत नाही, आणि जे फाइलमधे नाही ते उद्या कोणी कितीही मोठा कागद घेऊन आला तरी शाळा देऊ शकत नाही. सगळं संरक्षण या न विचारण्यात आहे. आपल्याकडे प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणि वर एक अटेस्टेड कॉपी द्यायची सवय, त्यामुळे आपली माणसं स्वतःहून पासपोर्ट, व्हिसा, नवऱ्याचं ऑफर लेटर सगळं अपलोड करून मोकळी होतात. नका करू. मागितलं नाही ते देऊ नका.

मागतात काय तर तीन गोष्टी. मुलाचं वय, त्यासाठी जन्मदाखला चालतो, भारतातला मराठीत असेल तर भाषांतर करून, पण परदेशातला आहे म्हणून नाकारता येत नाही. पासपोर्टही चालतो पण तेव्हा फक्त फोटोचं पान द्या, व्हिसाचं पान नको. दुसरं तुम्ही त्या डिस्ट्रिक्टमधे राहता याचा पुरावा, घराचं लीज किंवा लाइटबिल. आणि तिसरं लसींचा रेकॉर्ड, त्यावर शेवटी येते. बाकी आपल्याकडचा तो शाळा सोडल्याचा दाखला, ज्याच्यासाठी माणूस मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर दोन दोन दिवस बसतो, तो इथे कोणी अडून मागत नाही. जुने मार्कशीट दिले तर वर्ग ठरवायला उपयोग होतो इतकंच. आणि समजा स्वतःचं घरच नाही, नोकरी गेली, मित्राच्या अपार्टमेंटमधे गाद्या टाकून दोन कुटुंबं राहताहेत, तर त्यासाठी १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा आहे. नाइलाजाने असं दुसऱ्याकडे राहणारी मुलं त्यात धरतात आणि कागद पूर्ण नसले तरी शाळेने लगेच बसवून घ्यायचं असतं.

नोकरी गेली म्हणलं म्हणून इथेच थांबते, कारण आपला खरा संबंध इथे आहे. आपल्यात एक समज आहे की हे सगळे हक्क "त्या" लोकांसाठी, आपण लीगल, आपल्याला काय करायचंय. पण एच-वन-बीवाल्याचा ले-ऑफ झाला की त्याच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात नवीन कंपनी नाही मिळाली, फाइलिंग अडकलं, वकील म्हणाला थांबा बघू, की घरातल्या सगळ्यांचं स्टेटस अधांतरी. आमच्या ओळखीत असं घर झालंय. बापाची रात्रीची झोप उडाली होती, पण दुसरीतलं पोरगं रोज पिवळ्या बसने शाळेत जात होतं, लंच खात होतं, सायन्स फेअरला ज्वालामुखी करत होतं, आणि शाळेतल्या एकाही माणसाला घरात काय चाललंय याची कल्पना नव्हती, असायची गरजही नव्हती. टायलरच्या त्या चार कुटुंबांची पुण्याई आपल्यालाही लागू आहे ती अशी.

पण एक कानाडोळा करू नये अशी गोष्ट. काही जण विचारतात की पुतण्याला टुरिस्ट व्हिसावर बोलावतो आणि इथेच शाळेत घालतो. शाळा विचारणार नाही हे खरं, पण व्हिसाचे नियम वेगळे असतात आणि ते मोडले तर त्रास त्या पोराला पुढे होतो. व्हिजिटर व्हिसावर शाळेत शिकायला परवानगी नाही. एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, यायचं तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे पब्लिक शाळेत फक्त हायस्कूल, तेही एकूण १२ महिने, आणि शाळेचा पूर्ण खर्च भरून. मिडल स्कूल किंवा त्याखाली नाहीच. एच-फोर, एल-टू वगैरे डिपेंडंट मुलांना यातलं काही लागू नाही, ती सरळ जाऊ शकतात. म्हणजे शाळेचा दरवाजा उघडा असणं आणि व्हिसाची अट पाळली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक गल्लत करतात.

आता भाषा. यावर मला बरंच बोलायचंय कारण इथे आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. ॲडमिशनच्या वेळी एक छोटा फॉर्म असतो, घरात कुठली भाषा बोलता, मूल जास्त वेळ कुठली बोलतं. ग्रुपवरचा सल्ला ठरलेला, "सरळ इंग्लिश लिही, नाहीतर ईएसएलमधे टाकतील." ईएसएल म्हणजे इंग्लिश कच्चं असलेल्या मुलांना इंग्लिश शिकवायचा कार्यक्रम, पण बोलतात असं जणू ते मागच्या बाकावर बसवणं. मी पण माझ्या मोठीच्या वेळी इंग्लिश लिहिलं होतं, घरात आम्ही सगळे अस्सल सातारी मराठीत भांडतो आणि फॉर्मवर इंग्लिश. परिणाम असा की पोरगी पहिले चार महिने वर्गात मान हलवत बसायची, टीचरला वाटायचं शांत आहे, आम्हाला वाटायचं रुळतेय, आणि तिला सूचनाच कळत नव्हत्या.

खरं म्हणजे ईएसएल ही मेहेरबानी नाही, कायद्याने मिळवलेली गोष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधे सुमारे १,८०० चिनी मुलं अशी होती की त्यांना इंग्लिश येत नव्हतं आणि शाळेने वेगळी काहीच मदत दिली नव्हती. पुस्तकं तीच, टीचर तीच, वर्ग तोच, तर भेदभाव कुठे, असा डिस्ट्रिक्टचा दावा. १९७४ मधे सुप्रीम कोर्टाने लाऊ विरुद्ध निकल्स या केसमधे एकमताने सांगितलं की ज्या मुलाला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. आधार १९६४ चा सिव्हिल राइट्स ॲक्ट. त्याच वर्षी संसदेनेही कायदा करून हे पक्कं केलं, आणि १९८१ मधे टेक्सासच्याच रेमंडव्हिलच्या एका केसमधे कोर्टाने कसोटी घालून दिली, की शाळेचा भाषा शिकवायचा कार्यक्रम कुठल्यातरी खऱ्या शैक्षणिक विचारावर उभा पाहिजे, त्याला शिक्षक आणि साधनं दिलेली पाहिजेत, आणि थोड्या काळाने त्याचा फरक दिसला पाहिजे, नाहीतर बदला. नुसतं कागदावर ईएसएल चालत नाही.

फॉर्मवर मराठी लिहिलं तर होतं इतकंच की मुलाची छोटी टेस्ट घेतात. इंग्लिश चांगलं असेल तर विषय तिथेच संपला. नसेल तर मदत मिळते, दरवर्षी परत तपासतात, आणि जमायला लागलं की बाहेर. पालकांना कळवावं लागतं, आणि नको असेल तर तुम्ही लेखी नाही म्हणू शकता, फक्त ती वर्षाची टेस्ट मग टळत नाही. टेक्सासात तर एका डिस्ट्रिक्टमधे एका इयत्तेत एकाच भाषेची इंग्लिश शिकणारी २० मुलं झाली तर द्विभाषिक वर्ग द्यायची जबाबदारी येते, शिक्षक मिळत नसतील तर डिस्ट्रिक्टला सूट मागावी लागते. आपली २० कधी होणार, सगळ्यांनी इंग्लिश लिहिलंय.

हेच पालकांच्या भाषेचं. शाळेने महत्त्वाचं काही सांगायचं तर तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगायचं, लागला तर दुभाषी द्यायचा, आणि तो दुभाषी म्हणजे तुमचंच आठ वर्षांचं पोरगं नव्हे. पालक मीटिंगला टीचर आई-आजीशी बोलतेय आणि मुलगा भाषांतर करतोय की "टीचर म्हणते मी खूप हुशार आहे", हा जोक नाही, मी समोर बसलेली होते. स्पेशल एज्युकेशनच्या मीटिंगमधे तर याला फार महत्त्व आहे, तिथे तुमच्या सहीवर मुलाचा पुढचा सगळा प्लॅन ठरतो, तेव्हा इंग्लिश येतं पण त्यांचे शब्द कळत नाहीत असं असेल तरी लाजू नका, आधी सांगून दुभाषी मागा.

मग रेकॉर्डचा प्रश्न. १९७४ च्याच फर्पा कायद्याप्रमाणे मुलाची शाळेतली माहिती पालकांच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही. कोर्टाचा आदेश किंवा कायदेशीर समन्स आलं तर द्यावी लागते, तेव्हाही बहुतेक वेळा शाळेने आधी पालकांना कळवायचा प्रयत्न करायचा असतो. पण यात एक भोक आहे. "डिरेक्टरी इन्फर्मेशन" नावाचा एक प्रकार असतो, नाव, पत्ता, फोन असल्या गोष्टी, ज्या शाळा न विचारता देऊ शकते, आणि कायद्यातल्या त्या यादीत जन्मठिकाणसुद्धा आहे. वर्षाच्या सुरुवातीला जो वीस पानांचा ऑनलाइन पॅकेट येतो ना, जो आपण खाली खाली स्क्रोल करून सही करतो, त्यात कुठेतरी एक टिक असते की ही माहिती देऊ नका. ती शोधा. यात इमिग्रेशनची भानगड नसलेल्यांनीही ती टिक करावी असं माझं मत आहे, निदान ट्यूशनवाल्यांचे फोन तरी कमी होतील.

जेवणाचं थोडक्यात. फ्री किंवा कमी पैशातलं लंच मिळायला नागरिकत्वाची अट नाही. फॉर्मवर सही करणाऱ्या मोठ्या माणसाच्या एसएसएनचे शेवटचे चार आकडे मागतात, नसेल तर "नाही" वर टिक, झालं.

आता ज्याच्यामुळे ग्रुपवर व्हिडिओ फिरतात तो विषय, शाळेच्या दारात आयस आली तर. २०११ पासून सरकारची एक सूचना होती की शाळा, हॉस्पिटल, चर्च अशा ठिकाणी शक्यतो कारवाई करायची नाही. २०२१ मधे ती अजून वाढवली आणि जानेवारी २०२५ मधे नवीन सरकारने आल्या आल्या काढून टाकली. डेन्व्हरच्या स्कूल डिस्ट्रिक्टने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली पण स्टे मिळाला नाही. इथे लोकांचा गैरसमज होतो की म्हणजे आता शाळेला काही संरक्षणच उरलं नाही. तसं नाही. गेली ती सरकारी खात्याची स्वतःच स्वतःला घातलेली मर्यादा, घटना आणि कायदे होते तिथेच आहेत. शाळेचा आतला भाग सगळ्यांसाठी उघडी जागा नाही, तिथे घुसायला साधारणपणे जजच्या सहीचं वॉरंट लागतं.

आणि सगळा खेळ त्या सहीचा आहे. एजंटकडे बहुतेक वेळा जो कागद असतो, फॉर्म आय-२०० किंवा आय-२०५, त्यावर वॉरंट असंच लिहिलेलं असतं, पण सही इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याची असते. तो कागद घेऊन त्यांना रस्त्यावर माणूस पकडता येतो, शाळेच्या आत परवानगीशिवाय शिरता येत नाही. कोर्टाच्या वॉरंटवर वर कोर्टाचं नाव, जजची सही, जागेचा पत्ता, तारीख हे सगळं असतं. हा फरक फ्रंट डेस्कवरच्या बाईंनी तिथल्या तिथे ओळखावा अशी अपेक्षा नसते, म्हणून बऱ्याच डिस्ट्रिक्टनी साधी पद्धत ठेवलीये, ओळखपत्र बघा, कागदाची कॉपी घ्या, बाहेर बसवा, प्रिन्सिपलला बोलवा, त्यांनी डिस्ट्रिक्टच्या वकिलाला फोन करायचा. अडवाअडवी नाही, खोटं बोलणं नाही, लपवाछपवी नाही, फक्त "थांबा, विचारून सांगतो."

हे चालतं का? एप्रिल २०२५ मधे लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांत होमलँड सिक्युरिटीचे एजंट गेले, मुलांना भेटायचंय म्हणाले, मुलं ठीक आहेत का बघायला आलोय, पालकांची परवानगी आहे. प्रिन्सिपलनी आत घेतलं नाही. तेव्हाचे सुपरिटेंडेंट अल्बर्टो कार्वाल्हो, जे स्वतः पोर्तुगालहून आलेले आणि एकेकाळी कागदपत्रांशिवाय राहिलेले, त्यांनी नंतर सांगितलं की घरच्यांनी अशी परवानगी दिलेलीच नव्हती. त्याआधी जानेवारीत शिकागोच्या एका शाळेत असेच लोक आले, शाळेने दारातच थांबवलं आणि आयस आली म्हणून शहरभर बोंब झाली, नंतर कळलं ते सिक्रेट सर्व्हिसचे होते आणि वेगळ्याच धमकीच्या तपासासाठी आलेले. ओळखायला चूक झाली, पण पद्धत बरोबर चालली. त्यानंतर कॅलिफोर्निया आणि इलिनॉयने २०२५ मधेच ही पद्धत कायद्यात घातली. टेक्सासात तसा कायदा नाही, इथे डिस्ट्रिक्ट कसं वागतं त्यावर आहे.

आणि शाळेच्या हातात नसलेलं पण सांगते. बसस्टॉप, समोरचा रस्ता, ड्रॉपची लाइन जिथे संपते तिथून पुढचं सगळं, तिथे शाळेचं काही चालत नाही. म्हणून इमर्जन्सी काँटॅक्टमधे नवऱ्याबायकोशिवाय अजून दोन नावं द्या, जवळ राहणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या, फोन उचलणाऱ्या लोकांची. आजी-आजोबा सहा महिने आलेत आणि तेच आणायला जातात तर त्यांचं नाव पिकअप यादीत टाका, नाहीतर शाळा पोराला त्यांच्याबरोबर सोडणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

हे सगळं दगडावरची रेघ आहे असं समजू नका मात्र. कॅलिफोर्नियाने १९९४ मधे मतदान घेऊन अशा मुलांना शाळाबंदी केली होती, कोर्टाने रोखली. अलाबामाने २०११ मधे शाळांना नवीन मुलांचं स्टेटस तपासायला लावलं, वर्गातून मुलं गायब व्हायला लागली, तेही कोर्टाने अडवलं. २०२२ मधे आमचे गव्हर्नर ग्रेग ॲबट बोलून गेले की प्लायलरला परत आव्हान द्यायला पाहिजे. २०२५ मधे टेनेसीच्या सीनेटने शाळांनी स्टेटस तपासावं असं बिल पास केलं, पण हाउसमधे ते पुढे सरकलं नाही. ओक्लाहोमातही तसा नियम आणायचा प्रयत्न झाला आणि तिथल्या रिपब्लिकन गव्हर्नरनेच विरोध केला. शिवाय प्लायलर फक्त बारावीपर्यंत. कॉलेजच्या फीचं काही तो सांगत नाही, आणि टेक्सासने २००१ मधे देशात पहिल्यांदा अशा मुलांना दिलेली राज्याच्या रहिवाशांची कमी फी जून २०२५ मधे एका दिवसात गेली.

तर त्या ताईला मी सकाळी फोन केला, म्हणलं एसएसएनचा चौकोन रिकामा ठेव, व्हिसाचं पान काढून टाक, भाषेत मराठी लिही. तिने सगळं तसंच केलं. तीन दिवसांनी परत फोन, "ताई, ॲडमिशन अडकली." माझ्या पोटात गोळा. म्हणलं काय विचारलं त्यांनी? तर म्हणाली हेपटायटिस ए चा डोस नाहीये, तो घेऊन या म्हणाले. पुण्यात डॉक्टरांनी ऑप्शनल आहे म्हणून सांगितलेलं, इथे टेक्सासात दोन लागतात. काउंटीच्या क्लिनिकमधे जाऊन पहिला घेतला, दुसरा सहा महिन्यांनी, तोपर्यंत प्रोव्हिजनल. सोमवारपासून जातोय तो. ईएसएलची टेस्ट पण झाली, आता ती विचारतेय डब्यात पोहे दिले तर चालतील का, मायक्रोवेव्ह नसतो म्हणे.